लॅपटॉप संगणकाची विस्तारक्षमता : कार्यक्षमता व मूल्य यांच्या संदर्भात विविध ब्रँडचा तुलनात्मक इतिहास (१९८१ ते २०२५)

प्रस्तावना

बारामती तालुक्यातील पणदरे व त्याच्या आसपासची गावे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कालव्याचे पाणी आले, त्यामागून ऊस आला आणि उसामागून यंत्रे आली. तेलइंजिन, विजेचा पंप, ट्रॅक्टर अशी एकेक यंत्रे या पट्ट्यातील शेतकऱ्याने स्वीकारली. यंत्र घेताना तो तीन प्रश्न विचारतो : काम किती होईल, पैसे किती पडतील आणि बिघडल्यास सुटा भाग कोठे मिळेल? यांपैकी तिसरा प्रश्न अनुभवातून आलेला आहे. विहिरीवरील इंजिन भर उन्हाळ्यात बंद पडले आणि सुटा भाग मिळण्यास आठवडा लागला, तर उभे पीक हातचे जाते.

याच कुटुंबातील विद्यार्थी महाविद्यालयात गेला, की घरात लॅपटॉप येतो. त्या वेळी पहिले दोन प्रश्न आवर्जून विचारले जातात. तिसरा सहसा विचारला जात नाही. महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. कोणत्या कंपनीचा लॅपटॉप चांगला, यावर दीर्घ चर्चा होते. मात्र चार वर्षांनी त्याची स्मृती वाढवता येईल काय, बॅटरी बदलता येईल काय, याचा उल्लेख निविदेत क्वचितच असतो. हा तिसरा प्रश्न लॅपटॉपच्या इतिहासात कसा मागे पडला आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वैयक्तिक संगणकाच्या खुल्या रचनेचा भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, परिणाम तपासणे.
२. लॅपटॉपच्या विस्तारक्षमतेत १९८१ पासून झालेल्या बदलांचे टप्पे निश्चित करणे.
३. प्रमुख ब्रँडची तुलना कार्यक्षमता, मूल्य व विस्तारक्षमता या तीन निकषांवर करून ग्रामीण महाविद्यालयाच्या खरेदीसाठी उपयुक्त निष्कर्ष मांडणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कंपन्यांनी प्रसिद्ध केलेली उत्पादनांची माहिती व दुरुस्ती-पुस्तिका आणि शासनाची संगणकविषयक धोरणे हा विवेचनाचा आधार आहे. ‘विस्तारक्षमता’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने वापरली आहे. वापरकर्त्याला अथवा गावातील कारागिराला यंत्रातील रॅम, साठवण, बॅटरी इत्यादी भाग साध्या हत्यारांनी बदलता वा वाढवता येणे, असा तिचा अर्थ आहे.

१. खुल्या रचनेचा वारसा

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या मुख्य पटलावर जादा कार्ड बसवण्यासाठी पाच रिकामे स्लॉट होते आणि त्यांचा तांत्रिक तपशील कंपनीने प्रसिद्ध केला होता. त्यामुळे अन्य उत्पादकांना त्या यंत्रासाठी सुटे भाग आणि पुढे त्याच धर्तीचे संपूर्ण संगणक बनवता आले. या खुल्या रचनेचा लाभ अमेरिकेबाहेरील देशांनाही झाला. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली होती. एचसीएल (स्थापना १९७६), विप्रो, मुंबईची झेनिथ अशा देशी कंपन्या येथे आकार घेत होत्या. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सुलभ केली. पुढील काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांतून सुटे भाग आणून ‘असेंबल’ केलेला संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला.

या रिकाम्या स्लॉटचे मराठी भाषेवर मोठे ऋण आहे. डॉस प्रणालीवर चालणारा संगणक देवनागरी जाणत नव्हता. आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान ही उणीव भरून काढण्यासाठी आले. जिस्ट कार्ड संगणकाच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालीतही पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. मूळ उत्पादकाच्या परवानगीची वा सहकार्याची त्यासाठी गरज भासली नाही. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही मानक संकेतप्रणाली निश्चित झाली, तिच्यामागेही याच कामाची परंपरा आहे. युनिकोडचा आधार असलेल्या प्रणाली सर्वत्र येण्यापूर्वीच्या काळात मराठीला संगणकावर स्थान मिळाले, त्याचे एक कारण यंत्राचे झाकण उघडत होते आणि आत जागा शिल्लक होती, हे आहे. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये असे कार्ड बसण्याची सोय नव्हती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. विस्तारक्षमता ही केवळ हौशी तंत्रज्ञांची गरज आहे, हा समज या उदाहरणाने खोडला जातो.

२. लॅपटॉपचा उदय आणि भारतीय बाजारपेठ

१९८१ चा ऑस्बोर्न-१ हा वाहून नेता येणारा संगणक सुमारे अकरा किलो वजनाचा होता. १९८२ च्या ग्रिड कंपास या यंत्राने पुस्तकाप्रमाणे मिटणाऱ्या पडद्याची रचना रूढ केली. १९८५ मध्ये तोशिबाचा टी-११०० आला. आयबीएमच्या संगणकाशी सुसंगत आणि मांडीवर ठेवता येण्याजोगा असल्याने तो व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरला. त्यातील २५६ किलोबाइटची स्मृती ५१२ पर्यंत वाढवता येत असे. ऑक्टोबर १९९२ मध्ये आयबीएमने थिंकपॅड ७००-सी सादर केला. १०.४ इंची रंगीत पडदा व कळफलकाच्या मध्यभागी असलेली लाल दर्शककळ ही त्याची ओळख ठरली.

या काळात भारतात लॅपटॉप ही मोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांची वस्तू होती. चित्र बदलले ते आयात शुल्कामुळे. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरील आयात शुल्क शून्यावर आले. १९९१ नंतर परतलेल्या परदेशी कंपन्यांनी देशात जुळणीचे कारखाने काढले. डेलचा श्रीपेरुंबुदूर येथील कारखाना २००७ मधील आहे. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक शिकणे ही शासकीय नोकरीच्या उमेदवाराची गरज बनली. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने तीव्र भारनियमन अनुभवले. वीज गेली की टेबलावरचा संगणक बंद पडे आणि यूपीएस काही मिनिटेच तग धरी. स्वतःची बॅटरी असलेला लॅपटॉप अशा वेळी चैनीची वस्तू न राहता सोयीची वस्तू ठरला.

याच काळात देशी ब्रँडची पीछेहाट झाली. विप्रो व एचसीएल या दोघांनीही २०१३ मध्ये वैयक्तिक संगणकाच्या निर्मितीतून माघार घेतली. सोनीने २०१४ मध्ये वायो विभाग विकला, तर तोशिबाने २०१८ मध्ये आपल्या संगणक व्यवसायाचा मोठा हिस्सा शार्पकडे दिला. ब्रँड बाजारातून गेला की त्याच्या सुट्या भागांचा स्रोतही हळूहळू आटतो. याउलट आयबीएमचा संगणक विभाग मे २००५ मध्ये लेनोव्होकडे गेला, तरी थिंकपॅडची मालिका व तिची दुरुस्ती-पुस्तिका चालू राहिली. ब्रँडच्या तुलनेत कंपनीच्या नावापेक्षा मालिकेचे सातत्य अधिक मोलाचे असते, याचा हा पहिला पुरावा होय.

३. उघडता येणाऱ्या लॅपटॉपचा काळ

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे २०११ पर्यंतचा काळ लॅपटॉपच्या विस्तारक्षमतेच्या दृष्टीने अनुकूल होता. बहुतेक यंत्रांच्या तळाशी लहान झाकणे असत. एक स्क्रू काढला की रॅम आणि दुसरा काढला की हार्ड डिस्क हाती येई. बॅटरीला खिट्टी असे आणि ती बोटाने सरकवून बॅटरी बदलता येई. ॲपलसारखी स्वतंत्र वृत्तीची कंपनीही याला अपवाद नव्हती. २००६ च्या मॅकबुकची बॅटरी नाण्याने फिरवून काढता येत असे आणि तिच्या मागेच रॅमचे स्लॉट होते.

अर्थात हा काळ सर्वस्वी खुला नव्हता. आयबीएम, लेनोव्हो व एचपी यांच्या अनेक यंत्रांत बायोसमध्येच मान्य वायरलेस कार्डांची यादी असे. यादीबाहेरचे कार्ड बसवल्यास यंत्र सुरू होत नसे. स्लॉट उघडा, परंतु परवानगी बंद, अशी ही स्थिती होती.

दुरुस्तीचा विचार मुळापासून केलेले यंत्रही याच काळात महाराष्ट्रात आले. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा एक प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका छोट्या वाडीवरील शाळेत सुरू झाला. या यंत्राची कार्यक्षमता बेताची होती : ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती. मात्र कळफलक धूळ-पाणी सोसणारा रबरी होता, यंत्र साध्या पेचकसाने उघडे आणि जादा स्क्रू यंत्राच्या मुठीतच ठेवलेले असत. शंभर डॉलर किमतीचे उद्दिष्ट गाठता आले नाही. प्रत्यक्ष किंमत त्याहून बरीच अधिक पडली. तथापि ज्या गावात सेवाकेंद्र नाही तेथे यंत्र गावातच दुरुस्त झाले पाहिजे, हे तत्त्व या रचनेने मांडले. मुख्य प्रवाहातील लॅपटॉपची वाटचाल नेमकी त्याच्या उलट दिशेने झाली.

४. बंद रचनेकडे वाटचाल

जानेवारी २००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर सादर केला. त्यातील रॅम मुख्य पटलावर पक्की डाग दिलेली, म्हणजे सोल्डर केलेली होती आणि बॅटरी बाहेरून काढता येत नव्हती. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ ही संकल्पना पुढे आणली आणि अन्य कंपन्यांनी पातळपणाची स्पर्धा सुरू केली. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरीही डिंकाने चिकटवण्यात आली. डेलच्या एक्सपीएस-१३ या मालिकेत २०१२ पासून सोल्डर केलेली रॅम आहे. २०२० च्या ॲपल एम-१ रचनेत तर स्मृती प्रोसेसरच्याच आवरणात गेली.

या बदलामागे केवळ नफेखोरी होती, असे म्हणणे एकांगी ठरेल. कमी वीज घेणाऱ्या एलपीडीडीआर प्रकारच्या स्मृतीमुळे बॅटरी अधिक काळ टिकते. ही स्मृती प्रोसेसरच्या अगदी जवळ असावी लागते आणि काढता-घालता येणारा तिचा नमुना दीर्घकाळ उपलब्ध नव्हता. म्हणजे काही प्रमाणात कार्यक्षमतेची किंमत विस्तारक्षमतेने मोजली. मात्र हा तर्क बॅटरी चिकटवण्याला लागू पडत नाही आणि पातळपणाची गरज नसलेल्या स्वस्त यंत्रांत रॅम सोल्डर करण्यालाही लागू पडत नाही. ही तांत्रिक अडचण आता दूर होण्याच्या मार्गावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कॅम-२’ हे काढता येणाऱ्या स्मृतीचे मानक प्रसिद्ध झाले आणि २०२४ च्या थिंकपॅड पी-१ मध्ये त्याचा वापरही झाला.

५. ब्रँडची तुलना : एका नावाखालील दोन परंपरा

बाजारात डेल, एचपी, लेनोव्हो, एसर, आसुस, ॲपल अशी तुलना केली जाते. विस्तारक्षमतेच्या निकषावर ही विभागणी अपुरी ठरते, कारण एकाच कंपनीत दोन परस्परविरोधी परंपरा नांदतात. डेलची लॅटिट्यूड ५००० ही कार्यालयीन मालिका प्रामुख्याने स्लॉटची रॅम देत असे, तर त्याच डेलची एक्सपीएस-१३ देत नसे. एचपीच्या प्रोबुक ४०० मालिकेत रॅम बदलता येत असे, स्पेक्टरमध्ये येत नसे. लेनोव्होच्या थिंकपॅड टी-१४ व टी-१४-एस या नावांत एका अक्षराचा फरक आहे. परंतु २०२४ च्या टी-१४ मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि टी-१४-एस मध्ये एकही नाही. एसर व आसुस यांच्या घरगुती यंत्रांत काही रॅम सोल्डर केलेली आणि जोडीला एक स्लॉट, अशी मधली रचना अनेकदा आढळते. ॲपलच्या चालू लॅपटॉपमध्ये रॅम बदलण्याचा पर्यायच नाही.

दुसरा मुद्दा माहितीचा आहे. लेनोव्हो, डेल व एचपी या तिन्ही कंपन्या आपल्या अनेक यंत्रांच्या दुरुस्ती-पुस्तिका सर्वांसाठी खुल्या ठेवतात. कोणता स्क्रू आधी काढावा, कोणत्या भागाचा क्रमांक काय, हे त्यांत सचित्र दिलेले असते. बारामतीतील कारागिराच्या हाती अशी पुस्तिका असणे आणि नसणे यावर यंत्र दोन दिवसांत परत येणार की पुण्याला पाठवावे लागणार, हे ठरू शकते. खरेदीपूर्वी त्या विशिष्ट मॉडेलची पुस्तिका पाहिली, तर रॅमचे स्लॉट किती, साठवण बदलता येते काय, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. जाहिरातीत ही माहिती सहसा नसते.

६. मूल्याचा प्रश्न

मूल्य म्हणजे खरेदीची किंमत, असा अर्थ सर्रास घेतला जातो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची पद्धत या समजाला बळ देते. परंतु यंत्राचे खरे मूल्य एकूण खर्चास वापराच्या वर्षांनी भागून काढले पाहिजे. समजा, ४०,००० रुपयांचा एक लॅपटॉप चार वर्षांत निकामी झाला. त्याचा वार्षिक खर्च १०,००० रुपये पडतो. दुसरा ४८,००० रुपयांचा असून चौथ्या वर्षी त्यात ८,००० रुपयांची रॅम व बॅटरी घातली आणि तो आठ वर्षे चालला, तर वार्षिक खर्च ७,००० रुपये होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. निविदेच्या तुलनातक्त्यात मात्र दुसरे यंत्र पहिल्याच फेरीत बाद होते. मागील दशकात असंख्य जुन्या लॅपटॉपना हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने नवे आयुष्य मिळाले. ती डिस्क काढता येण्याजोगी होती, म्हणूनच हे शक्य झाले.

मूल्यांकनाच्या पद्धतीचाही येथे विचार केला पाहिजे. नॅकच्या २०१७ नंतरच्या पद्धतीत विद्यार्थी-संगणक गुणोत्तर हा एक निकष होता. त्यात यंत्रांची संख्या मोजली जाते. त्यांचे उर्वरित आयुष्य मोजले जात नाही. अनुदानाच्या वर्षात एकाच वेळी खरेदी झालेली यंत्रे एकाच वेळी जुनी होतात आणि प्रयोगशाळा पुढील अनुदानाची वाट पाहत राहते. शहरातील विद्यार्थी अशा वेळी दुसरा मार्ग शोधू शकतो. ग्रामीण विद्यार्थ्याला महाविद्यालयातील संगणक हाच अनेकदा एकमेव संगणक असतो.

७. विस्तारक्षमतेची नवी मर्यादा आणि धोरण

यंत्र उघडता येणे पुरेसे नाही, हे अलीकडच्या घटनांनी दाखवून दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचकती आणि इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर आवश्यक ठरला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०१७ चा थिंकपॅड टी-४७० व २०१८ चा टी-४८० ही जवळजवळ सारख्या बांध्याची यंत्रे आहेत. दोहोंत रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि दोहोंची मागील बॅटरी हाताने बदलता येते. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेला टी-४८० पात्र ठरला आणि सहाव्या-सातव्या पिढीचा टी-४७० अपात्र. सुस्थितीतील यंत्र केवळ प्रणालीच्या नियमाने कालबाह्य झाले. अशा यंत्रांवर लिनक्स चालू शकते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना आधार देणारी प्रणालीही उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी प्रयोगशाळा-साहाय्यकाला प्रशिक्षण द्यावे लागेल.

शासकीय स्तरावर या प्रश्नाची दखल घेतली जाऊ लागली आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-सुलभतेचा दहापैकी गुणांक छापणे बंधनकारक करण्यात आले. भारतातही अशा निर्देशांकासाठी २०२४ मध्ये समिती नेमण्यात आली. दुसरीकडे ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर झाले आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून आयात-परवानगीची ऑनलाइन व्यवस्था लागू झाली. देशात निर्मिती वाढावी, हा या धोरणाचा हेतू आहे. तथापि देशात बनलेले यंत्रही चिकटवलेले असेल, तर ग्रामीण ग्राहकाच्या अडचणीत फरक पडणार नाही.

निष्कर्ष

१. वैयक्तिक संगणकाची खुली रचना ही भारतातील संगणक प्रसाराची आणि देवनागरीच्या प्रारंभिक वापराची एक महत्त्वाची पूर्वअट होती.
२. लॅपटॉपची विस्तारक्षमता २००८ नंतर क्रमाक्रमाने घटली. त्यामागे काही तांत्रिक व काही व्यापारी कारणे आहेत आणि ती वेगळी करून पाहणे आवश्यक आहे.
३. कार्यक्षमता व मूल्य यांची तुलना कंपनीनिहाय करता येते; विस्तारक्षमतेची तुलना मॉडेलनिहायच करावी लागते. कार्यालयीन मालिका या निकषावर सामान्यतः सरस ठरतात.
४. महाविद्यालयांनी निविदेत रॅमचे किमान स्लॉट, बदलता येणारी साठवण, स्क्रूने बसवलेली बॅटरी, खुली दुरुस्ती-पुस्तिका व प्रणालीच्या आधाराची मुदत या पाच अटी घातल्यास सर्वांत कमी दराच्या पद्धतीतही टिकाऊ यंत्र निवडता येईल.

समारोप

कालव्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्याने इंजिन घेताना सुट्या भागाचा प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्यापुढे कोणताही सिद्धान्त नव्हता. दुरुस्तीला लागणाऱ्या दिवसांत पीक जळते, हा अनुभव होता. लॅपटॉप बंद पडला तर डोळ्यांदेखत पीक जळत नाही, म्हणून तो प्रश्न आपण विसरलो. परंतु परीक्षेच्या आठवड्यात बंद पडलेला एकमेव लॅपटॉप पणदऱ्याच्या विद्यार्थ्याचे नुकसान करतोच. खरेदी समितीच्या पुढील बैठकीत कोणती कंपनी, याआधी हे यंत्र कोठे व कोण उघडणार, हा प्रश्न विचारला गेला, तर या परिसराने यंत्रांविषयी मिळवलेले जुने शहाणपण वाया गेले नाही, असे म्हणता येईल.